थांबलेले आणि खोळंबलेले

मनुष्यजातीचा खरा शत्रू आळस नसून घाई आहे, हे सनातन सत्य दिग्रस शहरास एका शनिवारी दुपारी, पुसद रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात अधिकृतरीत्या कळविण्यात आले. कळविणे चालू असतानाच लाइन गेली, माइक मुका झाला, आणि भिंतीला टेकायची जागा धरून बसलेल्या मागच्या चार रांगांना ते सत्य आजतागायत कळलेले नाही. त्या रांगांतले लोक अजून घाईतच असतात, असे म्हणतात. पुढच्या रांगेला मात्र ते पुरते कळले. ही हकिकत पुढच्या रांगेतल्या एका माणसाची आहे.

प्रफुल्ल खंडारे त्याचे नाव. गाद्या भरण्याचा धंदा, एक पिंजण यंत्र, एक बायको आणि दुकानावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी, एवढा त्याचा उद्योगसमूह. पुढच्या रांगेत बसायची त्याची लायकी नव्हती, हे तो स्वतःच सांगत असे. तो उशिरा आला होता, आणि उशिरा येणाऱ्याला आपल्याकडे पुढे बसण्याची शिक्षा असते.

साल दोन हजार पाच संपत आले होते. कापसाने जिल्ह्याचा घात केला, त्या वर्षांपैकी हे एक. दिग्रसला त्या हंगामात कापूस सोडून बाकी सगळे येत होते. अभ्यासगट येत होते, वार्ताहर येत होते, शेतकऱ्याने कोणता जोडधंदा करावा हे सांगणारे, जोडधंदा न करणारे तज्ज्ञ येत होते. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंजी लागायच्या तिथे पोरे क्रिकेट खेळत होती. अशा भरभराटीच्या काळात उद्योजकांना यश पचवायला शिकवणारे कोणीतरी हवेच होते. ते काम पियूषने केले.

पियूष हा दिग्रस लघुउद्योजक मंडळाचे अध्यक्ष नीळकंठराव यांचा मुलगा. पुण्याला मोठमोठ्या कंपन्यांतल्या साहेबांना श्वास कसा घ्यावा हे शिकवायचा. (त्यापूर्वी ते कसा घेत होते, याची माहिती उपलब्ध नाही.) नीळकंठराव स्वतः उद्योजक नव्हते. जन्मभर कचेरीत काढून ते निवृत्त झाले होते. मंडळाच्या अध्यक्षाला कोणताही उद्योग नसावा, म्हणजे पक्षपाताला जागा राहत नाही, हा दंडक त्यांनीच घातला होता आणि स्वतःच पाळला होता.

त्या शनिवारी पियूष म्हणाला की तुम्ही सगळे धावताय. एक लक्ष्य गाठले की दुसरे, दुसरे गाठले की तिसरे. कधी थांबून, मागे वळून, स्वतःच्या यशाकडे पाहिलंत का? पुढच्या रांगेने मागे वळून पाहिले. मागच्या चार रांगा झोपल्या होत्या.

श्रोत्यांत बर्फकांडीचे कारखानदार होते (हिवाळ्यामुळे पूर्ण वेळ उपस्थित). एका जिनिंगचे दोन भागीदार होते, एकमेकांशी बोलत नसल्याने दोन टोकांना. ट्रॉल्यांना वेल्डिंग मारणारा भीमसिंग होता, आणि मसाला, मेणबत्ती, सोडा, पापड अशा नाना क्षेत्रांत धावून धावून दमलेले इतर होते. प्रफुल्लला आधी वाटले की हा पोरगा चुकून दुसऱ्याच गावात उतरला. त्याचे स्वतःचे यंत्र पोळ्यापासून बंद होते. आपण शेवटचे धावलो कधी, हे आठवायला त्याला कष्ट पडले. बाजारात एकाचा बैल सुटला तेव्हा. (त्या वेळी तो बैलाच्या पुढे होता.)

पण मग पियूष म्हणाला, “थांबायला हिंमत लागते. शंभरातल्या नव्याण्णव उद्योजकांमध्ये ती नसते.”

प्रफुल्ल खुर्चीत ताठ बसला. गेले चार महिने तो जे करत होता, ज्यापायी शीला, त्याची बायको, त्याच्याकडे भिजलेल्या रुईकडे पाहावे तसे पाहत होती, ती हिंमत होती! ह्या हिशेबाने तालुक्यात त्याच्याइतका धाडसी पुरुष दुसरा नव्हता. एखाद्याला वर्षानुवर्षे पोटात दुखावे आणि एके दिवशी डॉक्टरने त्याला भारदस्त नाव द्यावे, तसे त्याला वाटले. दुखणे तेच, पण आता चारचौघांत सांगण्यासारखे.

मंडळाने लगोलग ठराव केला. प्रत्येक सभासदाने रोज थांबून आपल्या यशाचा आस्वाद घ्यावा. ह्या आस्वादाला ‘कृतार्थ विराम’ असे नाव ठरले. अंमलबजावणीत मात्र दोन अडचणी आल्या.

पहिली अडचण यशाची. आस्वाद घ्यायला ते हवे, आणि चौकशी करता बहुतेक सभासदांकडे त्याचा साठा संपलेला आढळला. म्हणून उपसमिती नेमली, आणि तिने यशाची व्याख्या उदार मनाने रुंद केली. दुकानाला कुलूप न लागणे हे यश. लागल्यास किल्ली स्वतःकडेच राहणे हेही यश. भागीदाराशी भांडण न होणे हे यश, आणि जिनिंगवाल्यांसारखे झाल्यास ते कोर्टापर्यंत न जाणे हे मोठे यश. प्रफुल्लने आपल्या नावावर ‘गेल्या चार महिन्यांत पिंजण यंत्रात एकदाही बोट सापडले नाही’ असे यश नोंदवले. उपसमितीने त्याला उभे राहून दाद दिली. यंत्र बंद असल्याचा खुलासा त्याने नम्रतेपोटी केला नाही.

दुसरी अडचण वेळेची. धंद्याच्या वेळेत थांबले तर धंदा बुडेल, अशी शंका काहींनी काढली. (कोणता धंदा, असे कोणी विचारले नाही. मंडळात सभ्यता होती.) इथे नीळकंठरावांची प्रशासकीय बुद्धी कामी आली. भारनियमनामुळे लाइन रोज अर्धा दिवस जातेच. ती गेली की थांबावे. म्हणजे उत्पादनाचे नुकसान शून्य, आणि वीज मंडळ आपल्या विरामासाठी एवढी यंत्रणा राबवते, तिचाही मान राहतो.

नियमावली आटोपशीर होती. लाइन जाताच सभासदाने दुकानासमोर खुर्ची मांडावी. हात गुडघ्यांवर, डोळे अर्धे मिटलेले. शेजाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक आहे का, हे उरलेल्या अर्ध्या डोळ्यांनी पाहू नये. आपले गिऱ्हाईक आलेच तर त्यालाही बसवून घ्यावे आणि त्याच्या यशाची विचारपूस करावी. घरच्या बायांना विराम लागू नाही, कारण त्या जे करतात तो उद्योग नसून काम आहे.

सर्वांत महत्त्वाचा होता घंटेचा नियम, आणि साऱ्या शास्त्राचा गाभा त्यातच होता. लाइन येताच जो ताडकन उठतो तो थांबलेला नव्हताच, तो नुसता खोळंबलेला होता. थांबलेला आणि खोळंबलेला बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही बसलेले असतात आणि दोघांच्याही तोंडावर माशा बसतात. फरक लाइन आल्यावर कळतो. म्हणून लाइन आली तरी कोणी उठायचे नाही. नीळकंठराव स्कूटरवरून फेरी मारत, शहराचे समाधान पुरेसे पिकले आहे अशी खात्री करून घेत, आणि मग त्यांच्याजवळची पितळी घंटा वाजवत. त्यानंतरच उठायचे. बर्फकांडीवाले एकदा लाइन आल्याबरोबर सवयीने उठले. त्यांची नोंद ‘खोळंबलेला’ अशी झाली, आणि त्यांना पूर्ण मंडळाला चहा पाजून पुन्हा थांबलेल्यांत यावे लागले.

थोड्याच दिवसांत मंडळाने पाहणी केली. तीत दिग्रसच्या उद्योजकांचे समाधान चाळीस टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. (ही मोजणी नीळकंठरावांनी चालत्या स्कूटरवरून केली. ज्या चेहऱ्यांवर समाधान दिसले नाही ते थांबलेले नसणार, म्हणून मोजणीत धरले नाहीत.)

ह्या साऱ्यात प्रफुल्लचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकीच्यांच्या थांबण्यात काहीतरी चुळबुळ असे. एखादा गुडघा हलायचा, वेल्डिंगवाल्या भीमसिंगच्या पापण्या लवायच्या. प्रफुल्ल मात्र बसला की दगड. सराव दांडगा होता. लोक येता-जाता थांबून त्याचे थांबणे पाहत. कोणी आपल्या धांदरट पोराला आणून दाखवत.

शीलाने पहिल्या दिवशी दारात उभे राहून विचारले होते, “अवो, काय करून राह्यले?”

“थांबून राह्यलो.”

“थांबलेलेच तं होते. नवीन काय केलं?”

“आता समजून-उमजून थांबलो.”

शीलाने पदर खोचला. मग म्हणाली, “विहारात ध्यानाले बसा म्हटलं तं तुमचे गुडघे दुखते. अन् हे नीळकंठरावाच्या पोरानं सांगितलं तं तीन तास बसता. बरं हाय.”

प्रफुल्लने हात गुडघ्यांवर नीट ठेवले आणि डोळे नियमाइतके मिटले. शीला आत गेली आणि यंत्रावरची धूळ पुसू लागली. भंगारवाला त्या यंत्राला दोनदा बाहेरून पाहून गेला होता. तिसऱ्यांदा आला की आपण नाही म्हणणार नाही, हे तिने आतूनच नवऱ्याला सांगितले. तेव्हा तो डोळे अर्धे मिटून बसला होता, म्हणून त्याला ते अर्धेच ऐकू आले असे त्याने धरले.

अशात एके दिवशी गुलाबसिंग राठोड दुकानी आला. हा फुलसावंगीचा. तिथे तांड्यावरच्या पोरांसाठी एक वसतिगृह होते, त्याचा कारभार पाहायचा. नेमकी लाइन नव्हती, त्यामुळे नियमाप्रमाणे त्याला बसवून घेण्यात आले आणि त्याच्या यशाची विचारपूस झाली. गुलाबसिंग म्हणाला की यश गेलं खड्ड्यात, चाळीस गाद्या पाह्यजेत. थंडी पडली आहे. पोट्टे फरशीवर सतरंजी टाकून झोपतात आणि सकाळी लाकडासारखे कडक होऊन उठतात. कमिटीतले बाकीचे लोक फोमच्या मागे लागले आहेत. यवतमाळचा फोमवाला चकचकीत कागद घेऊन दोनदा येऊन गेला.

“मीच अडून बसलो,” गुलाबसिंग म्हणाला. “घरोघर कापूस पडून हाय, कोनी घेत नाही. अन् आपले पोट्टे झोपतीन फोमवर? म्या कमिटीले म्हटलं, दिग्रसचा मानूस देते. रविवारी संध्याकाळी गाडी आणतो. चाळीसच्या चाळीस पाह्यजेत प्रफुल्लभाऊ. एक कमी भरली तं सोमवारी फोमवाल्याले सही देऊन राह्यले ते.”

घंटा व्हायची होती, तरी प्रफुल्लचा गुडघा हलला. चार महिन्यांत प्रथमच.

पुढचा आठवडा नवरा-बायकोने कसा काढला, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यात विनोद नाही. लाइन असेल तेव्हा यंत्र धडधडायचे, नसेल तेव्हा दोघे दाभण घेऊन टाके घालायचे. खोळीत रुई नीट बसवायची, कोपरे काठीने झोडून भरायचे, मधे गोळा राहू द्यायचा नाही. प्रफुल्लला हे काम येत होते. ते आपल्याला येते, हे तो विसरला होता. मंडळाने त्याची ह्या आठवड्यातली गैरहजेरी ‘आंतरिक विराम’ म्हणून मांडून घेतली आणि उलट त्याचे कौतुकच केले.

हे कौतुकच नडले. नीळकंठराव गुरुवारी स्वतः आले. मंडळ यंदापासून ‘आदर्श विराम पुरस्कार’ देणार होते, आणि पहिला प्रफुल्लला. पियूष पुण्याहून येणार. बाभुळगावहून एक शिष्टमंडळ विराम पाहायला येणार, यवतमाळहून दोन वार्ताहर. प्रफुल्लने आपल्या दुकानासमोर खुर्चीवर बसून सर्वांना प्रात्यक्षिक दाखवायचे. मग घंटा, मग शाल. तारीख रविवार, कारण पियूषला त्या आठवड्यात तेवढाच दिवस सुट्टी.

इथे प्रफुल्लने नाही म्हणायला हवे होते. तसे त्याला लगेच वाटलेही. पण त्याच्या आयुष्यात त्याचा सत्कार असा कधी झाला नव्हता. शाळेत एकदा पूर्ण उपस्थितीचे प्रमाणपत्र मिळाले होते, त्यावर दुसऱ्याच मुलाचे नाव होते. लग्नात हार पडला होता, पण तो सगळ्यांनाच पडतो. तो शीलाला म्हणाला की शनिवारी रात्रीपर्यंत अडतीस गाद्या होतील, दोनच राहतील. रविवारी लाइन जाण्याआधी त्या दोन्हींची रुई पिंजून घेऊ. शीला म्हणाली, “घ्या बापा.” ह्या दोन शब्दांत तिने काय काय सांगितले, ते सांगायला मोठा ग्रंथ लागेल.

रविवारी लाइन ठरलेल्या वेळेच्या आधीच गेली. दोन गाद्यांची रुई तशीच राहिली.

पाहुणे आले. मंडळाने खुर्च्या सांगितल्याच नव्हत्या. नीळकंठरावांनी दुकानात डोकावून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. “खंडारे, गाद्या आहेत की एवढ्या. भाड्याच्या खुर्च्या कशाला? भारतीय बैठकच शोभून दिसेल.”

शीला म्हणाली, “पोरायच्या हायेत त्या.”

“घटकाभर. लगेच परत.”

प्रफुल्लने बायकोकडे पाहायचे टाळले आणि गाद्या बाहेर आणल्या. निदान वर जुन्या चादरी घातल्या, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. रस्त्यावर अडतीस गाद्या पसरल्या, त्यांच्यावर बाभुळगाव बसले, यवतमाळ बसले, बर्फकांडी बसली, जिनिंगचे भागीदार दोन टोकांना बसले. नीळकंठराव पुढच्या गादीवर घंटा घेऊन, पियूष त्यांच्या बाजूला कॅमेरा घेऊन. पियूष हळू आवाजात बोलू लागला. आपलं यश आठवा. त्याच्याकडे पाहा. कुठेही जायचं नाहीये. काहीही गाठायचं नाहीये. समोर खुर्चीवर प्रफुल्ल दगड झाला.

आणि लाइन आली.

ती यायची वेळ नव्हती. पण त्या दिवशी दिल्लीचा एक अभ्यासगट कापसाचे संकट समजून घ्यायला त्या रस्त्याने जाणार होता, आणि त्याला संकट नीट दिसावे म्हणून सगळीकडे उजेड सोडलेला होता. दुकानातल्या यंत्राचे बटण चालूच राहिले होते. यंत्र धडधडू लागले. प्रफुल्लच्या खुर्चीचे पाय हलले. सगळ्या सभेने त्याच्याकडे पाहिले, अर्थात अर्ध्या डोळ्यांनी.

प्रफुल्लच्या डोक्यात त्या वेळी दोन माणसे भांडत होती. एक म्हणत होता, ऊठ, लाइन किती वेळ राहील सांगता येत नाही, दोन गाद्या, दोनच. दुसरा म्हणत होता, उठलास तर गावासमोर खोळंबलेला ठरशील. त्यांच्या भांडणात यंत्राचा आवाज बदलला. रिकामे यंत्र आणि रुई खाणारे यंत्र यांच्या आवाजातला फरक गादीवाल्याला झोपेतही कळतो. शीला आत रुई घालत होती. तिला विराम लागू नव्हता.

दारातून रुईचे पांढरे तंतू बाहेर येऊ लागले आणि पाहुण्यांच्या डोक्यावर उतरू लागले. बाभुळगावच्या शिष्टमंडळाला ती पुष्पवृष्टी वाटली, आणि आपल्याकडेही अशीच व्यवस्था करावी असे त्यांनी मनात ठरवले.

घंटा मात्र होईना. प्रफुल्ल वाट पाहत होता. (वाट पाहणे हा खोळंबलेल्याचा धर्म आहे, हे त्याला कळत होते.) यंत्र थांबले. आत दाभणाचे काम सुरू झाले असणार. मग तेही झाले असणार, कारण शीला दोन्ही गाद्या उंबऱ्याशी आणून ठेवून, पदराने तोंडावरची रुई पुसत उभी राहिली. तरी घंटा नाही. प्रफुल्लने नियम मोडून पूर्ण डोळे उघडले.

सगळे झोपले होते. थंडीतले उतरते ऊन, पाठीखाली ताजी पिंजलेली रुई, आणि पुढ्यात काही गाठायचे नाही. बाभुळगाव घोरत होते. यवतमाळच्या एका वार्ताहराच्या तोंडून लाळ गळत होती. जिनिंगचे दोन भागीदार झोपेत सरकत सरकत मधल्या गादीवर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून पडले होते. नीळकंठराव घंटेवर कूस करून आडवे झाले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते कोणत्याही पाहणीत मोजता आले नसते.

प्रफुल्ल पाहत राहिला. एकाही गादीत गोळा नव्हता. एकही कोपरा बसला नव्हता. एवढी माणसे, आपापली भांडणे आणि भाषणे विसरून, त्याच्या हातच्या मालावर मेल्यासारखी झोपली होती. त्याच्या छातीत काहीतरी हलके झाले. पियूष ज्याला यशाचा आस्वाद म्हणत होता ते हेच असावे. ते आल्यावर बसून राहवत नाही, एवढे त्याच्या व्याख्यानात आले नव्हते.

तेवढ्यात फुलसावंगीची मेटॅडोर येऊन उभी राहिली. गुलाबसिंग खाली उतरला. त्याने रस्ता पाहिला, गाद्या पाहिल्या, खुर्चीवरचा प्रफुल्ल पाहिला.

“हे कोन?”

“पाहुणे,” प्रफुल्ल म्हणाला. “थांबले हायेत.”

“कवापर्यंत?”

“घंटा वाजेपर्यंत.”

“घंटा कोनापाशी?”

प्रफुल्लने मानेने दाखवले. गुलाबसिंगने नीळकंठरावांभोवती एक चक्कर मारली. तो ओरडला असता तर बरे झाले असते. तो शांतपणे म्हणाला, “माह्या पोट्ट्यायच्या गाद्यायवर तुमचे पाहुणे झोपून राह्यले प्रफुल्लभाऊ. फोमवाल्याचा मालही असाच असन, पर त्याच्यावर अजून कोनी झोपलं नाही.” आणि तो गाडीकडे वळला.

प्रफुल्ल उठला.

गाडीच्या आवाजाने पियूष एकटाच जागा झाला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला की खंडारे, उठू नका, फोटो राहिलाय, घंटा व्हायचीय, शाल आहे.

“साहेब,” प्रफुल्ल म्हणाला, “मी थांबलो नोतो. मी खोळंबलो होतो.”

चार महिन्यांत त्याने बोललेले हे पहिले खरे वाक्य, असे शीला सांगते. मग त्याने वाकून पहिल्या पाहुण्याच्या, म्हणजे बाभुळगावच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाच्या, खांद्याला हात लावला आणि अदबीने म्हटले, “भाऊ, जरा उठता का? गादी न्यायची हाय.” हेच तो पुढच्याला म्हणाला आणि त्याच्या पुढच्याला. यवतमाळला म्हणाला, बर्फकांडीला म्हणाला. जिनिंगचे भागीदार एकमेकांच्या अंगावर जागे झाले आणि कित्येक वर्षांनी, एकाच वेळी, ‘काय झालं?’ असे म्हणाले. लोक उठत गेले, रस्त्याच्या कडेला डोळे चोळत उभे राहिले. शीला चादरी झटकत होती, गाडीकडे वळलेला गुलाबसिंग परत फिरून प्रफुल्लबरोबर गाद्या गाडीत टाकत होता. भीमसिंग न सांगता हात लावू लागला. मंडळाच्या दप्तरी त्या संध्याकाळी सर्वच सभासद खोळंबलेले ठरले, आणि पाहुणेही.

एक सोडून. नीळकंठराव उठले नाहीत. प्रफुल्लने तीनदा विनवले, पियूषने हलवले, शीलाने कानाशी वाकून सांगितले की लेकरं थंडीत झोपतात. नीळकंठरावांनी एकदा डोळे किलकिले केले, घंटा झालेली नाही असे नियमाला धरून सांगितले, आणि परत मिटले. घंटा त्यांच्याखालीच होती. पुरस्कार तिथल्या तिथे त्यांनाच देण्यात आला, आणि तो सर्वानुमते होता.

“म्हाताऱ्या मानसाले कसं ओढायचं,” गुलाबसिंग म्हणाला. एकोणचाळीस गाद्यांची गाडी त्याने सुरू केली. “उद्या सकाळी दहा वाजता कमिटी बसते. तवापर्यंत चाळीसावी आणा. बाकी मी पाहून घेतो.” गाडी निघाली आणि तिच्या धुरात लाइन गेली. दिल्लीचा अभ्यासगट पुढे निघून गेला असावा.

तर अशी परिस्थिती आहे. रुई आहे, खोळ आहे, प्रफुल्ल आणि शीला उभे आहेत, पण यंत्राला लाइन नाही, आणि नीळकंठराव कृतार्थ आहेत. फुलसावंगीला एका पोराला गादी कमी पडते आहे. आपण ही हकिकत बराच वेळ, अगदी शेवटपर्यंत, आरामात, बहुधा एखाद्या गादीवरच बसून वाचलीत, त्याबद्दल आपले यश मान्यच आहे.

आता जरा उठता का?